दुष्काळमावशी आणि मुके शंकू

हजेरीपटावर तिचं नाव आहे, पण ते कुणी मोठ्यानं वाचलं तर ती स्वतःच इकडेतिकडे बघेल. रोपवाटिकेत सगळ्यांसाठी ती दुष्काळमावशी. आधी लोक पाठीमागे म्हणायचे. एकदा नळ दुरुस्त करणाऱ्याच्या तोंडून तिच्यासमोरच निघून गेलं आणि बिचाऱ्याचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, "म्हण की. दुष्काळ निदान सांगून तरी येतो. तू सकाळी आठला येतो म्हणालास आणि आता साडेअकरा झालेत."

तेव्हापासून ते नाव उजळ माथ्यानं चालू झालं.

तिची शेड अगदी शेवटच्या टोकाला. फाटकातून आत आलं की आधी गुलाब, मग काचघर, मग कुंड्यांची रांग, मग खताचा ढीग, आणि तो ओलांडताना नाक धरलं की पुढे पत्र्याची लांबट शेड. तिथं फूल नाही, फळ नाही. तिथं शंकू. पाइनचे, सायप्रसचे, आणखी कसकसले. शंकू म्हणजे लाकडी खवल्यांची मूठ आणि प्रत्येक खवल्याच्या बुडाशी पंख लावलेलं बी. तोडणारे लोक डोंगरावरून पोती आणून टाकतात. मावशी ते शंकू ताडपत्रीवर पसरते, ऊन देते. दोन-चार दिवसांत खवले टकटक आवाज करत उलगडतात. मग जाळीच्या पिंपात घालून गरागरा फिरवलं की बी खाली आणि शंकू वर. त्या बियांची रोपं होतात, आणि ती रोपं जातात खाणीपलीकडच्या दगडी उतारावर, जिथं बाकीचं काहीही लावलं तरी पंधरा दिवसांत त्याचं सरपण होतं.

तिथं जगायचं असेल तर आधीपासून सवय हवी, असं तिचं म्हणणं. म्हणून रोप वीतभर झालं की ती पाणी तोडायला लागते. आधी रोजचं एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग "बघू". शिकाऊ मुली कळवळतात.

"मावशी, सुकतायत हो."

"सुकत नाहीत, शिकतायत. पाणी वर मिळालं तर मूळ खाली कशाला जाईल? तुझा भाऊ तिशीचा झाला तरी तुझी आई ताट हातात देते. गेला का तो कुठे?"

मुलगी झारी खाली ठेवते, कारण भाऊ खरोखरच कुठे गेलेला नसतो.

दर वर्षी नव्या मुली आल्या की मावशी त्यांना शेडच्या दारात उभं करून पाइनची एक सुई हातात देते आणि सांगते, "पान म्हणजे उघडं तोंड. जेवढं रुंद, तेवढं त्यातून पाणी उडतं. हे झाड शहाणं. ह्यानं रुंदपणाच सोडला, पानाची सुई केली. वरून मेण फासलं. आणि श्वास घ्यायची भोकं वर उघड्यावर ठेवली नाहीत, खड्ड्यात लपवली. वारा वरून निघून जातो, आतलं पाणी त्याला दिसतच नाही. आमच्या थोरल्या जावेचं कपाट असंच आहे. बाहेरून चार साड्या, आत काय आहे ते देवालाही ठाऊक नाही."

शेडच्या कडेला एक जुना ज्युनिपर आहे. अर्धा हिरवा, अर्धा वाळून राखाडी झालेला. नवीन माणूस आला की हमखास म्हणतो, हे झाड मेलं वाटतं. मावशी सांगते, "मेलं नाही. पाण्याचे हाल झाले तेव्हा ह्यानं त्या बाजूच्या फांद्यांचं पाणी बंद केलं. त्या वाळल्या, बाकीचं झाड जगलं. आमच्या सासऱ्यांनी धाकट्या दिराचं हेच केलं होतं. दीर वाळला, पण घर उभं आहे."

गंमत म्हणजे हिचा नवरा पाण्याचा टँकर चालवतो. तो दिवसभर लोकांच्या टाक्या भरत फिरतो, ही दिवसभर रोपांचं पाणी तोडत बसते. तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. म्हणते, "सगळी माणसं माझ्या रोपांसारखी असती तर हा घरी बसला असता. आणि हा घरी बसला असता तर मी वेडी झाले असते."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नवे साहेब आले.

साहेब तिशी नुकतीच ओलांडलेले, पांढरे बूट, हातात कायम एक वही. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त हिरवं आवडायचं. कोपऱ्यात एक चौरस फूट जागा जरी तपकिरी दिसली तरी त्याचा चेहरा पोटात कळ आल्यासारखा व्हायचा. महिन्याभरात त्यानं रोपवाटिकाभर फवारे बसवले. गुलाबात फवारे, कुंड्यांवर फवारे, रस्त्याच्या कडेला फवारे. डबा खायला बसलेल्या माळ्यांच्या भाकरीवरही दोन वेळा पडले. लोकांनी त्याचं नाव फवारेसाहेब ठेवलं आणि मोकळे झाले.

मावशीच्या वाफ्यांपाशी येऊन तो बराच वेळ उभा राहिला. रोपं बुटकी, टणक, निळसर राखाडी.

"ही आजारी आहेत का?"

"नाही. अशीच असतात."

"शेजारच्या खासगी रोपवाटिकेत ह्यांच्या दुप्पट उंचीची आहेत. हिरवीगार."

"ती विकायला आहेत, साहेब. ही जगायला आहेत."

साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, सकाळ-संध्याकाळ पाणी. मावशीनं हुकूम वाचला, घडी घातली, खिळ्याला अडकवला आणि आपल्या बाजूचा व्हॉल्व्ह घट्ट पिळून बंद केला. आठ दिवसांनी साहेबाच्या लक्षात आलं. त्यानं व्हॉल्व्ह उघडला. तिनं बंद केला. त्यानं कुलूप आणलं. मावशीनं फवाऱ्यांच्या तोंडात चिखल भरला आणि वर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की ह्या बाजूला पाण्याला दाबच नाही.

साहेब मग शेडमध्ये आला. पत्रा तापलेला, आत भट्टी. पाहुणे आले की इथं घाम पुसत उभे राहतात, हे त्याला बरं दिसेना. मावशी चार दिवस नणंदेकडे लग्नाला गेली होती, तेवढ्यात त्यानं छताखाली नळ्या फिरवून बारीक तुषार सोडणारं यंत्र बसवलं. आत पाऊल टाकलं की गालाला गार लागायचं. वर त्याच आठवड्यात बाहेरही झड लागली. मावशी परत आली तेव्हा ताडपत्रीवरचे सगळे शंकू, जे जाताना ती फुलासारखे उघडे ठेवून गेली होती, ते गच्च मिटून बसले होते.

साहेबानं ते आधीच पाहिलं होतं. त्यानं पुस्तकात वाचलं होतं की पिकलेला शंकू उघडतो, कच्चा उघडत नाही. दोन आणि दोन चार.

"मावशी, तुम्ही कच्चा माल घेतलात."

"कच्चा कसला? मी गेले तेव्हा उघडे होते. ओल लागली की मिटतात."

"झाडावरून तोडलेला, वाळलेला शंकू म्हणजे मेलेलं लाकूड. मेलेलं लाकूड स्वतःहून कसं मिटेल?"

"पावसाळ्यात तुमच्या घराचं दार फुगतं ना? ते काय जिवंत असतं?"

दाराचा मुद्दा साहेबाला पटल्यासारखा वाटला, पण तोवर त्यानं कागद वर पाठवला होता, आणि पाठवलेला कागद परत मागवायचा म्हणजे आणखी तीन कागद. तपासणीला वरच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई येणार होत्या. शंकूंची शेड बंद करावी आणि तिथल्या बाईंना फुलांच्या विभागात घ्यावं, अशी शिफारस होती.

फुलांचा विभाग. मावशीनं त्या कागदाची नक्कल घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर अशी ठेवली, जशी काही मेलेली पाल.

नवऱ्यानं वाचली. "बरंय की. सावलीत काम. पत्र्याखाली भाजायचं नाही."

"पेटुनिया लावायला सांगतायत मला. एक दिवस पाणी चुकलं तर माना टाकून बसतात, माहेरचं कुणी गेल्यासारख्या. अशांची मी दिवसभर समजूत काढत बसू?"

"माझी काढतेसच की."

"तुम्हाला उद्या टँकर सोडून अत्तराची गाडी चालवायला दिली तर?"

"चालवीन. वास तरी बरा."

तिनं त्याच्याकडे बघणं सोडलं. तिचं सगळं आयुष्य त्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलं होतं. शाळा सातवीपर्यंत, पुढे काही जमलं नाही. पण कुठला शंकू कधी तोडायचा, कुठलं बी पाण्यात बुडतं आणि कुठलं तरंगतं, हे तिला विचारायला डिग्रीवाले यायचे. शेड गेली की ती फक्त एक म्हातारी होत चाललेली बाई उरणार होती, झारी हातात धरलेली. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. तिनं सुनेला विचारलं, "तुझं ते केस वाळवायचं मशीन देशील का उद्या?"

सून कोपऱ्यावर बायकांचं पार्लर चालवायची. तिनं सासूच्या डोक्याकडे नीट बघितलं. "आई, तुमचे केस फुंकर मारली तरी वाळतील."

"माझ्यासाठी नको. शंकूंसाठी."

"त्यांना सेटिंग करून हवंय का?"

"उघडून हवंय."

"जाळून नका आणू," सून म्हणाली आणि ड्रायर काढून दिला. तिला वाटलं होतं सासू मजा करतेय.

मोठ्या बाई दुसऱ्या दिवशी दहाला आल्या. गुडघा धरलेला, हातात काठी, आणि बोलणं काठीसारखंच सरळ. बाहेर झड चालूच. त्यांनी आत येताच छताकडे पाहिलं आणि गालावरचं पाणी पुसलं.

"हे काय आहे?"

"तुषार," साहेब म्हणाला. "वातावरणासाठी."

"बंद करा ते. माझा चष्मा ओला झाला."

मावशीनं एक मोठं खोकं आणून ठेवलं. तळाला जाळी, त्यावर मिटलेले शंकू, बाजूला भोक पाडून त्यात ड्रायर. तिनं बटण दाबलं. पुढचा पाऊण तास शेडमध्ये फक्त घोंऽऽ असा आवाज. बाईंना खुर्ची दिली. साहेब उभा. मधूनच बाई म्हणाल्या, "कुणाचे केस वाळवतोय असं वाटतंय." कुणी हसलं नाही.

मग खोक्यातून टक असा आवाज आला. परत टक. मग कुणीतरी आत बोटं मोडत बसल्यासारखं सुरू झालं. मावशीनं झाकण काढलं. खवले बाहेर कलंडून उघडले होते, आत पंख दिसत होते. तिनं एक शंकू उचलून पालथा आपटला. बाईंच्या मांडीवर सात-आठ बिया पडल्या.

"पिकलेल्या आहेत," बाई म्हणाल्या.

"आता हाच शंकू बादलीत टाका," मावशी म्हणाली. "जेवायच्या सुट्टीपर्यंत मिटेल. झाड आता त्याच्यात नाही, तरी त्याला कळतं. ओल्या हवेत बी सोडलं तर ते तिथंच बदकन पडणार. कोरडा वारा असेल तेव्हाच सोडायचं, म्हणजे लांब जातं."

साहेबानं तो शंकू हातात घेतला, उलटसुलट केला. "मी चुकलो," तो म्हणाला. त्यानं ते इतकं साधं म्हटलं की मावशीला पुढचं टोचून बोलायला जागाच उरली नाही, आणि तिला त्याचा राग आला.

इथं संपलं असतं. पण बाईंनी काठीनं कोपरा दाखवला. "आणि ती चार पोती?"

"ती मुकी," मावशी म्हणाली. "मागच्या कुंपणाला जी झाडं आहेत, कुठल्यातरी जुन्या साहेबानं लांबच्या रखरखीत डोंगरावरून आणून लावलेली, त्यांचे शंकू. ते कधीच उघडत नाहीत. सबंध उन्हाळा ताडपत्रीवर घातले. तोंड उघडायचं नाव नाही. भरलेलेच नसतात ते."

त्याच वेळी ड्रायरनं जळका वास सोडून प्राण सोडला, म्हणून ते खोक्यात घालून दाखवायचंही राहिलं.

साहेब पोत्याशी बसला. त्यानं एक शंकू काढला. जड, राखाडी, खवल्यांच्या फटींवर काहीतरी चकाकत होतं. त्यानं नखानं खरवडलं, वास घेतला आणि पांढऱ्या बुटांसकट गुडघ्यांवर आला.

"ही राळ आहे. कुलूप लावलंय ह्याला." त्याचा आवाज बदलला होता. "बाई, हे आगीचे शंकू आहेत. जिथं कोरड्या उन्हाळ्यात वणवे लागतात तिथली झाडं बी मोकळं सोडत नाहीत. राळेनं बंद करून वर्षानुवर्षं फांदीवर धरून ठेवतात. वणवा गेला, राळ वितळली, की उघडतात. खाली राख, वर ऊन, शेजारी खायला-प्यायला वाटेकरी कुणी नाही. मी हे फक्त पुस्तकात वाचलंय. प्रत्यक्ष आज पाहतोय." त्यानं शंकू कानाशी हलवला. "रिकामा नाही हा. आत जिवंत असणार."

मावशीनं पोत्याचं तोंड हातानं मिटून धरलं.

"दर वर्षी चार पोती येतात?" बाईंनी विचारलं.

"येतात."

"मग मागच्या वर्षीची कुठे आहेत? त्याच्या आधीची?"

उंदरांनी खाल्ली, म्हणता आलं असतं. बुरशी लागली, म्हणता आलं असतं. रोपवाटिकेत जे काही सापडत नाही ते उंदरांनी खाल्लेलं असतं, हा नियमच आहे. मावशीनं पदरानं हात पुसले, जे ओले नव्हते.

"चुलीत," ती म्हणाली.

"कुठल्या चुलीत?"

"कँटीनच्या. आचाऱ्याला सरपण म्हणून देते. अकरा वर्षं झाली."

साहेबाची वही खाली पडली. त्यानं ती उचलायची मोठ्या बाईंनी वाट पाहिली, मग काठी टेकून उठल्या. "चला. तुमचा आचारी दाखवा."

कँटीन म्हणजे एक खोली, दोन बाकडी आणि मागे विटांची मोठी चूल. आचाऱ्याच्या आधी त्याचं पोट दारात आलं. त्याला वाटलं चहाची तक्रार आहे.

"मावशीचं सरपण कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"झक्कास," तो म्हणाला. "तेलकट असतं, लगेच पेट घेतं. पण एकदम घातलं तर धूर करतं. म्हणून आधी चुलीच्या कठड्यावर रचून ठेवतो. तिथं तापून तडतड करतं. डोकं उठतं माझं. आणि वर किडे पडतात."

"कसले किडे?" साहेब म्हणाला.

"पंखवाले. मेलेलेच असतात. ते आधी झाडून मागं टाकतो, नाहीतर भाजीत जायचे."

साहेब धावतच मागच्या दारानं बाहेर गेला. मावशी त्याच्यामागून, बाई त्यांच्यामागून आणि आचारी सगळ्यांमागून, उलथनं हातात घेऊन.

मागे राखेचा ढीग होता, वर्षानुवर्षांचा. त्याच्या उतरणीवर रोपं उभी होती. काही बोटभर, काही गुडघ्याएवढी, दोन तर कमरेला लागतील अशी. बुटकी, टणक, निळसर राखाडी. सगळ्यांत उंच दोघांवर आचाऱ्यानं भांडी पुसायची फडकी वाळत घातली होती.

"ही उपटली का नाहीस?" मावशीनं विचारलं.

"फडकी कुठं घालू मग?"

"पाणी कोण घालतं?"

"चहाला पुरत नाही, झाडांना कोण घालणार. खरकटं पाणी तिकडं पलीकडं जातं."

मावशी राखेत बसली. लुगड्याची काळजी केली नाही. एका बोटभर रोपाला तिनं चिमटीत धरलं, सुई टोचली तशी हात मागे घेतला, परत धरलं. शेडच्या दारात उभं राहून दर वर्षी ती पोरींना ह्या झाडांच्या शहाणपणाचं व्याख्यान देत होती, आणि त्याच झाडांची पोती पाठीवर घालून सरपणात पाठवत होती. जी उरली ती एका आचाऱ्याला भाजीत किडे नको होते म्हणून.

"मी समजत होते, उपाशी ठेवलं की झालं," ती म्हणाली. "ह्यांना उपास नको होता. चटका हवा होता."

"मला माहीत होतं," साहेब म्हणाला, "पण मला ही झाडं कुंपणाला आहेत हेच माहीत नव्हतं. चार महिन्यांत तिकडं गेलोच नाही. तिकडं हिरवं कमी आहे."

मोठ्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "अकरा वर्षांचं बी जाळलं, ह्याचा ठपका तुमच्या फाइलला लागेल," त्या मावशीला म्हणाल्या.

"लावा."

"आणि न विचारता ह्यांनी शेडमध्ये पाऊस पाडला, त्याचा ह्यांच्या फाइलला."

साहेबानं मान हलवली.

"शेडचं काय?" मावशीनं विचारलं. राखेतून उठली नव्हती. विचारलं ते रोपाकडे बघत.

बाईंनी काठीचं टोक राखेत रोवलं. मग म्हणाल्या, "फुलांच्या विभागाशी बोलले मी येताना. तिथला प्रमुख म्हणाला, त्या बाई इकडं येणार असतील तर मी लांबच्या रजेवर जातो. त्याचं बरोबर आहे. तुमच्या हाताखाली आठवड्यात सगळी फुलं जमिनीला टेकतील. शेड राहू द्या. तुषार काढा. आणि ह्या चार पोत्यांतलं एकही सरपणात गेलं तर मी तुम्हाला गुलाबांवर बसवीन, लक्षात ठेवा."

एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. एक घोट घेऊन कप खाली ठेवला. चहाला राळेचा वास होता. अकरा वर्षं सगळे तो पीत होते आणि दूधवाल्याला शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये शाळा भरली. साहेब थर्मामीटर घेऊन आला. मावशी पोतं घेऊन आली. पण शंकू किती तापवायचा हे पुस्तकात फक्त आकड्यात होतं, आणि खरं माहीत होतं ते एकट्या आचाऱ्याला. त्याच्या अंगात वारं शिरलं.

"मध्ये हात घालू नका, मावशी," तो म्हणायचा. "तुम्हाला घाई."

"मला घाई? मी ह्यांना सबंध उन्हाळा ताडपत्रीवर..."

"बघा, बोलण्यातही घाई. साहेब, ती काचेची काडी बाजूला घ्या, कठडा कळायला हात पुरतो." आणि ओलं बोट विटेवर टेकवून चर्र आवाज ऐकायचा.

साहेबानं उकळत्या पाण्यात अर्धं मिनिट बुडवून बघितलं. राळ सुटली, पण चहाचं पातेलं कायमचं वाया गेलं. मग कठड्यावरच रचायचं ठरलं, एका वेळी वीस. साहेब घड्याळ बघत, मावशी मांडीवर पांढरं फडकं पसरून.

पहिला शंकू तडकला तेव्हा साहेब दचकून मागे सरकला. मावशी जागची हलली नाही. राळेचा थेंब विटेवर उतरला, खवला हळूहळू बाहेर कलंडला, आणि एक पंख, मग दुसरा, तिच्या फडक्यावर आला. तिनं दात रोवून बी फोडून बघितलं. आत पांढरा, ओला गर. तिनं तो जिभेवर तसाच ठेवला आणि बराच वेळ गिळला नाही.

"काय झालं?" साहेबानं विचारलं.

"काही नाही. पुढचा बघा, जळेल."

आचाऱ्यानं पातेलं आपटलं. "आता मी चहा ठेवू का, का दिवसभर तुमचीच बाळंतपणं चालायची?"

"ठेव," मावशी म्हणाली. "पण पलीकडच्या अंगाला. हा कठडा आता शेडच्या हद्दीत आला."